ड्रायव्हरचा चढ

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो, पण रस्त्यावरची नव्हे. रस्ता मी फक्त दारातून पाहिला आहे. मला चाक एकच, आणि तेही जमिनीला टेकत नाही. एका जड लोखंडी पायावर मला घट्ट बसवलेलं आहे. माझ्यावर बसायचं, पेडल मारायचं, घाम गाळायचा आणि जिथे चढलो तिथेच उतरायचं, असा सगळा मामला. त्यामुळे बरेच जण मला हसतात. हसू देत बापडे. हसणाऱ्यांपैकी निम्मे लोक चार फेऱ्यांतच धापा टाकत खाली उतरलेले मी पाहिले आहेत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला लालभडक रंग दिला, हँडलवर काचेचं गोल मीटर बसवलं आणि सीटखाली एक काळी कळ लावली. पेडल जोरात मारलं की मीटरचा काटा वर चढतो, आणि कळ पिळली की पेडल जड होतं. शेवटी एका पिकल्या केसांच्या कारागिराने माझं चाक हाताने गरकन फिरवलं, कान लावून ऐकलं आणि शेजारच्याला सांगितलं की ही काही लवकर दमणार नाही. ते शब्द मी आजवर जपून ठेवले आहेत.

मला विकत घेतलं ते एका मोठ्या घराने. घरातल्या गृहस्थांना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं. पहिले काही दिवस माझा काय थाट होता म्हणून सांगू! सगळं घर माझ्यासाठी नंबर लावून उभं असे. आल्यागेल्याला मला कौतुकाने दाखवत. मग कौतुक ओसरलं. मित्रांनो, ज्या दिवशी व्यायामाच्या सायकलीवर पहिला ओला टॉवेल पडतो ना, त्या दिवशी तिचे दिवस फिरले म्हणून समजावं. टॉवेलामागून पँट आली, पँटमागून छत्र्या आल्या, दप्तरं आली. माझा काटा शून्यावर झोपून गेला आणि मी त्या ओझ्याखाली मुकाट्याने उभी राहिले. फार वाईट वाटायचं हो.

पुढे ते घर रिकामं झालं. पडदे धुवायला न्यायला लॉन्ड्रीचा लॉरीवाला आला होता. त्याने मला पाहिलं आणि ही कुणाला नको असेल तर मी नेऊ का, असं विचारलं. घरातल्या बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. घेऊन जा, तेवढीच अडगळ कमी, असं म्हणाल्या. मला राग आला, पण सांगते कुणाला! आणि जाऊन पोचले कुठे, तर जिथे दिवसभर टॉवेलच टॉवेल धुतले जातात अशा ठिकाणी. मी म्हटलं, झालं, आता काही खरं नाही.

ती लॉन्ड्री एका इमारतीच्या तळघरात आहे. एका भिंतीला धुलाईची मोठी यंत्रं घरघरत असतात, दुसऱ्या भिंतीला वाळवण्याची. मधे लांबच लांब टेबलं. तिथे इस्पितळाच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल यांच्या घड्या होतात. घड्यांचे गठ्ठे चाकांच्या गाडीत रचायचे आणि सिमेंटच्या लांब चढावरून ती गाडी वर रस्त्यापर्यंत ढकलत न्यायची. वर लॉरी उभी असते. मला ठेवलं ते बरोबर त्या चढाच्या पायथ्याशी, दाराजवळच्या कोपऱ्यात. त्यामुळे आत काय चाललंय आणि चढावर काय चाललंय, हे दोन्ही मला बसल्या जागी दिसतं.

इथे काम करणारी माणसं चांगली मोठी आहेत. कुणाच्या मिशा पिकल्या आहेत, कुणाला चाळिशीचा चष्मा लागला आहे. एवढंच, की नवी गोष्ट समजायला यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. कुणाला वाचता येत नाही, कुणाला घड्याळ कळत नाही, कुणाचं बोलणं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उमगत नाही. पण एकदा शिकलेली गोष्ट ही माणसं पक्की धरून ठेवतात. चादरीची चार टोकं जुळली नाहीत तर अख्खी घडी उलगडून पुन्हा घालतील, पण चुकीची पुढे ढकलणार नाहीत. हे लक्षात ठेवा, मित्रांनो, कारण पुढची सगळी भानगड या पक्केपणातूनच झाली.

त्यातल्या एकाला सगळे ड्रायव्हर म्हणत. वय चाळिशीच्या पुढचं, चेहरा गोल, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण कायम लावलेलं आणि पोटावरचं बटण कायम जेरीला आलेलं. लॉरीपर्यंत गाडी ढकलत नेण्याचं काम त्याचं. तोंडाने 'पॉम पॉम' असा हॉर्न वाजवल्याशिवाय त्याची गाडी जागची हलायची नाही. चढाच्या तोंडाशीच एक वळण आहे, तिथे थांबून तो डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा आणि मगच पुढे जायचा. दोन्हीकडे भिंतच होती, पण नियम म्हणजे नियम. हॉर्न ऐकला की लॉन्ड्रीवर देखरेख करणारे मुकादमसुद्धा चहाचा कप सावरत बाजूला व्हायचे. त्या गाडीवर ड्रायव्हरचा जीव होता. इतर वेळी त्याला कुणीही काहीही सांगायचं. गाडी हातात असली की बाकीच्यांना रस्ता सोडावा लागायचा.

मी तिथे गेल्यावर थोड्याच दिवसांत ती गोष्ट घडली. त्या सकाळी लॉरीला घाई होती, म्हणून काठोकाठ भरलेली गाडी नेहमीपेक्षा जोरात न्यायची होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, गाडी चढावर घेतली, आणि अर्ध्या वाटेत एकदम हँडल सोडून मांडी घालून खाली बसला. एक हात छातीवर. गाडी घरंगळत मागे आली, धाडकन भिंतीवर आदळली आणि पांढऱ्या शुभ्र चादरी ओल्या फरशीवर पसरल्या. सगळे धावले. ड्रायव्हर मात्र शांत बसून होता. थोड्या वेळाने तो आपला आपण उठला, पँट झटकली आणि पुन्हा गाडीकडे निघाला.

पण मुकादमांनी गाडी त्याच्या हातातून काढून घेतली. मुकादम वाईट नव्हते हो, घाबरले होते. चढावर हा असा कोसळला आणि काही बरंवाईट झालं तर तोंड कुठे दाखवायचं, असं म्हणत त्यांनी गाडी दुसऱ्या एका कामगाराला दिली. तो उंच होता, म्हणून त्याचं नाव शिडी. ड्रायव्हरला खुर्चीत बसवून समोर उशांच्या अभ्र्यांचा ढीग ठेवला. तो दिवसभर अभ्रे घडी करायचा आणि गाडी चढावर गेली की मान वळवून बघायचा. तो शिडीवर चिडला नाही, कुणाशी भांडला नाही. फक्त त्याने हॉर्न वाजवणं बंद केलं. ते तळघर कसं सुनंसुनं झालं, ते मी ऐकलंय.

चादरींच्या प्रकरणानंतर मुकादमांनी डॉक्टरांना बोलावून सगळ्यांनाच तपासून घेतलं. दंडाला पट्टा बांधून फुगा दाबणारे ते डॉक्टर एकेकाचा रक्तदाब बघत गेले, तसतशा त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. ड्रायव्हरचा रक्तदाब बराच वाढलेला होता आणि वजनही. इतरांचीही फार वेगळी गत नव्हती. दिवसभर बसून घड्या, घरी गेल्यावर बसून टीव्ही. घरचे लोक मायेने म्हणतात, तू बस, तू दमशील. डॉक्टर मुकादमांना म्हणाले, "यांच्या बुद्धीची काळजी सगळे करत बसतात. यांच्या हृदयाची कोण करणार?" मग त्यांनी औषधं दिली आणि त्याबरोबर व्यायाम शिकवायला एक बाई पाठवल्या.

व्यायामाच्या बाई वयाने लहान आणि आवाजाने मोठ्या. आल्या आल्या त्यांनी टेबलं सरकवली, गाणं लावलं आणि सगळ्यांना तळघरात गोल फिरायला लावलं. मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. माझ्यावर अर्थातच टॉवेलांचा डोंगर होता. "ही चालू सायकल आहे आणि हिची खुंटी कुणी केली?" असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी मुकादमांकडे पाहिलं आणि मुकादमांनी छताकडे. बाईंनी मला स्वतःच्या हाताने पुसलं, साखळीला तेल घातलं आणि चाक फिरवून पाहिलं. मी कुरकुरले नाही. त्या बाई मला तिथल्या तिथे आवडल्या.

ड्रायव्हर माझ्यावर बसला तेव्हा त्याच्या पायांतली ताकद मला लगेच कळली. उगाच का त्याने इतकी वर्षं गाडी ढकलली होती! माझा काटा झोपेतून उठला आणि सरसर वर चढला. आणि एकदम पेडल थांबलं. ड्रायव्हर खाली उतरला, माझ्या शेजारी मांडी घालून बसला, हात छातीवर ठेवला. जरा वेळाने उठला, पुन्हा चढला, पुन्हा काटा वर, पुन्हा हा खाली. रोज तेच. पहिल्या दिवशी मला वाटलं माझंच काही बिघडलंय.

मुकादम म्हणाले, आळस आहे, दुसरं काय. बाईंना ते पटलं नाही. एके दिवशी त्याही त्याच्यासारख्याच फरशीवर मांडी घालून बसल्या, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि आपण असं का बसलोय, ते त्यालाच विचारलं. नव्या कामगाराला घडी शिकवावी तसं त्याने त्यांना समजावून सांगितलं.

"धडधड झाली की बसायचं. ताईने सांगितलंय."

"आणि त्या दिवशी चढावर?"

"धडधड झाली. बसलो."

मुकादम कप हातात घेऊन तिथेच उभे होते. म्हणजे तू पडला नव्हतास, असं त्यांनी विचारलं. ड्रायव्हर जरासा रागावलाच. "मी बसलो," तो म्हणाला. मुकादमांचा चहा तसाच गार झाला. इतके दिवस ज्याला सगळे दुबळा समजत होते, त्याने फक्त एक नियम पाळला होता, चादरीची टोकं जुळवतो तितक्या पक्केपणाने.

त्याची ताई संध्याकाळी त्याला न्यायला येत असे. ती टपालाच्या कचेरीत खिडकीवर बसायची, लग्न केलं नव्हतं, आईच्या मागे भावाला तिनेच तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. त्याच्या मिशीत पांढरे केस आले तरी ती त्याला बाळ म्हणायची. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. ताईचा चेहरा कसा पडला म्हणता! तिने सांगितलं, की बाळाच्या हृदयात जन्मतःच एक बारीकसं भोक होतं. लहानपणी डॉक्टरांनी जपायला सांगितलं. आईने तेव्हाच त्याला शिकवलं, की छातीत धडधडलं की खाली बसायचं, आणि आईमागे ताईही त्याला तेच सांगत आली. पुढे ते भोक आपोआप बुजलं असं कुणीतरी म्हणालं होतं, पण आईचा त्यावर विश्वास बसला नाही. जाताना आईने ताईचा हात धरून एकच सांगितलं, त्याला पळू देऊ नकोस.

बाई हळूच म्हणाल्या, की आता एकदा नीट तपासून घेऊ या. ताई उठून उभी राहिली. "तुमचा तास संपला की तुम्ही घरी जाता, बाई. त्याला काही झालं तर मी कुणाकडे बघू?" एवढं बोलून तिने भावाचा हात धरला आणि ती चढ चढून निघून गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की बाळाने सायकलवर बसायचं नाही. मला तिचा राग आला नाही, मित्रांनो. तिच्या आवाजात जी भीती होती, ती मी ऐकली होती. पण ड्रायव्हर जाता-येता माझ्या पेडलला नुसता हात लावून पुढे जायचा, ते बघून मला भडभडून यायचं. माझ्यावर पुन्हा टॉवेल पडायला लागले.

बाई मात्र चिवट होत्या. त्या रोज ताईशी दोन शब्द बोलत राहिल्या, कधी हवापाण्याचं, कधी तिच्या दुखणाऱ्या गुडघ्यांचं. शेवटी ताई भावाला घेऊन हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी छातीला तारा लावून पाहिलं, पडद्यावर हृदय बघितलं आणि सांगितलं, की ते भोक कधीच बुजलं आहे. आता धोका धावण्याचा नाही, बसून राहण्याचा आहे. रक्तदाबाची गोळी चालू ठेवा आणि याला हळूहळू व्यायामाला लावा. ताईने हे सगळं परत येऊन बाईंना सांगितलं, मान डोलावली आणि शेवटी म्हणाली, बघू. ते 'बघू' म्हणजे नाहीच, हे मलासुद्धा कळलं. डोक्याला पटलं होतं, पण आईला दिलेला शब्द मधे उभा होता.

आणि मग ती संध्याकाळ आली. त्या दिवशी टपालाच्या खिडकीवर गर्दी होती, ताईची बस चुकली, आणि लॉन्ड्री बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून ती पुढच्या थांब्यापासून पळत आली. चढ उतरून दारात आली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. माझ्या हँडलला धरून ती उभी राहिली, दुसरा हात छातीवर. ड्रायव्हरने ते पाहिलं आणि हातातले अभ्रे टाकून तो धावला. हो, धावला! ताईचे खांदे धरून त्याने तिला खाली बसवायला सुरुवात केली.

"बस ताई. खाली बस. धडधड होतेय."

"अरे, काही नाही रे. पळत आले ना, म्हणून होतंय. राहील आत्ता. असं सगळ्यांचंच होतं."

ड्रायव्हरचे हात थांबले. एखादी घडी चुकलीय असं वाटलं की तो जसा बघायचा, तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"मग माझं?"

ताईचे डोळे भरून आले. मग तीच माझ्याजवळ फरशीवर बसली आणि भावाला जवळ बसवून म्हणाली, "तुझं पण तसंच होतं रे. मीच तुला चुकीचं सांगितलं."

पण ड्रायव्हर असा नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणारा नव्हता. सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं, तर बघायला नको? दुसऱ्या दिवशी बाईंनी अख्ख्या लॉन्ड्रीला जागच्या जागी धावायला लावलं आणि ड्रायव्हर एकेकाच्या पाठीवर पंजा टेकवून तपासत गेला. शिडीची धडधड. घड्या मोजते म्हणून जिचं नाव मोजणी, तिची धडधड. ही बाई वीसपर्यंत मोठ्याने मोजते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. लॉरीवाल्याची धडधड. व्यायामाच्या बाईंचीसुद्धा. मुकादमांनी आधी आढेवेढे घेतले, मग कशाबशा चार उड्या मारून खुर्चीत कोसळले. ड्रायव्हरने त्यांच्या पाठीला हात लावला आणि बाईंकडे वळून गंभीरपणे सांगितलं, की काकांची सगळ्यांत जास्त. त्या दिवशी तिथे जे हसणं झालं, तसं त्या तळघरात कधी झालं नव्हतं. मुकादम हसून हसून आणखी धापा टाकायला लागले.

आता जुना नियम गेला, तर त्या जागी नवा पक्का नियम हवा. नियमाशिवाय ड्रायव्हर पेडलला पाय लावणार नाही, हे बाईंनी ओळखलं होतं. त्यांनी त्याला सांगितलं: धडधड झाली तर हॉर्न वाजवून बघ. हॉर्न नीट वाजला, तोंडाने बोलता आलं, तर चालू ठेव. हॉर्न वाजवायला दम पुरला नाही तर हळू कर. आणि छातीत दुखलं किंवा गरगरलं तर लगेच थांब आणि जवळच्या माणसाला हाक मार. ड्रायव्हरने हे त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. मग तो माझ्यावर चढला. काटा वर गेला. पेडल हळू झालं, माझा जीव टांगणीला लागला. आणि कितीतरी दिवसांनी त्या तळघरात आवाज आला, 'पॉम पॉम!' ताई दारात उभी होती. तिने पदराने डोळे पुसले आणि वर घाम आला म्हणून सांगितलं.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे. अगदी भरधाव काही झालं नाही. पहिल्यांदा ड्रायव्हर एका गाण्याचं कडवं संपेपर्यंत पेडल मारायचा, मग पूर्ण गाणं, मग दोन गाणी. कधी कंटाळायचा, रुसायचा, पाय दुखतात म्हणून तोंड फिरवून बसायचा. बाई ओरडायच्या नाहीत. त्या फक्त म्हणायच्या, बरं, मग मोजणी बसेल. मोजणी बसली की वीस-वीस करत थांबायचंच नाव घ्यायची नाही, आणि ड्रायव्हर पाय आपटत नंबर लावायचा. माझ्या पेडलचा पट्टा तुटला तेव्हा इस्पितळाच्या फाटक्या चादरीच्या काठाने त्यांनी तो बांधला. लाल अंगावर पांढरी पट्टी. मला ती दागिन्यासारखी वाटायची. ताई आधी पाण्याची बाटली धरून माझ्या शेजारी बसायची आणि त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही. मग हळूहळू तिची नजर सैल झाली. मग एक दिवस ती म्हणाली, मी बघू का जरा बसून? तिचे गुडघे माझ्यापेक्षा जास्त कुरकुरत होते, पण उतरली तेव्हा ती हसत होती.

डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी ड्रायव्हरच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडून परत बांधला आणि परत बघितला. मग हसले. रक्तदाब छान खाली आला होता आणि पोटावरच्या बटणाचाही त्रास संपला होता. गोळी चालू ठेवा आणि ही सायकलही चालू ठेवा, असं ते म्हणाले. सायकलही, असं स्पष्ट म्हणाले, मी नीट ऐकलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने वाजवल्या नाहीत. त्याने मुकादमांकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला.

"गाडी?"

मुकादमांनी ताईकडे पाहिलं. ताईने चढाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि मान हलवून होकार दिला. शिडीने गाडी आणून ड्रायव्हरसमोर उभी केली आणि हँडल आपल्या बाहीने पुसून दिलं. गाडी भरली ती नेहमीसारखी, काठोकाठ. कमी भरलेली ड्रायव्हरने चालवून घेतली नसती. मुकादम चढाच्या पायथ्याशी हात पसरून उभे राहिले, न जाणो गाडी मागे आली तर. ताई वर जाऊन लॉरीजवळ उभी राहिली. बाकीचे सगळे माझ्याभोवती जमले, कारण चढ तिथूनच दिसतो.

हॉर्न वाजला. गाडी निघाली. वळणावर ड्रायव्हर थांबला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि पुढे निघाला. आणि अर्ध्या चढावर, जिथे त्या दिवशी तो बसला होता नेमकं तिथेच, तो परत थांबला. त्याने गाडीला गुडघा टेकवला, एक हात सोडला आणि छातीवर ठेवला. माझ्याजवळ मोजणीचं मोजणं बंद पडलं. मुकादमांचं धाबं दणाणलं. वर ताईचे ओठ हलले. 'बस बाळा' हे शब्द तिच्या तोंडापर्यंत आले होते, सगळं आयुष्य ती तेच म्हणत आली होती. तिने ते गिळले. तिने दोन्ही हात घट्ट मिटले आणि वाट पाहिली.

"पॉम पॉम!" ड्रायव्हर म्हणाला. चांगला मोठ्याने, दम न तुटता. मग त्याने स्वतःशीच मान डोलावली, धडधड होतेय पण सगळ्यांची होते तशीच होतेय अशी, आणि हात पुन्हा हँडलवर ठेवला.

ताईचा आवाज वरून आला. थोडा कापरा होता, पण खणखणीत होता.

"ड्रायव्हर, रस्ता मोकळा आहे. चला!"

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला बाळ म्हटलं नव्हतं. ड्रायव्हरने गाडीला असा रेटा दिला, की वरची चादर डुलली. उरलेला चढ तो एका दमात चढला. वर पोचून त्याने गाडी लॉरीला सरळ लावली, चाकाला खुट्टी मारली आणि मग वळून ताईकडे पाहिलं. तिने त्याला मिठी मारली. त्याने मिठीतूनच तिच्या पाठीवर पंजा टेकवला आणि खाली आम्हा सगळ्यांना ओरडून सांगितलं, की ताईची पण धडधड होतेय. पायथ्याशी मुकादमांनी आनंदाने टुणकन उडी मारली, आणि या खेपेला ते खुर्चीत बसले नाहीत.

तर मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. रंग उडाला, सीट फाटली, काटा कधी कधी अडकतो. पण रोज सकाळी माझ्यासमोर नंबर लागतो, आणि त्यात आता मुकादमही असतात. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारात, ओळखीत असं कुणी असेल, ज्याला सगळे मायेने 'तू बस' म्हणत आले आहेत, तर त्याला आधी डॉक्टरांकडे न्या आणि मग त्याच्या बरोबरीने उठा, चाला, खेळा. त्याचंही हृदय तुमच्यासारखंच आहे. त्याला नुसतं जपून चालत नाही, कामालाही लावावं लागतं. आणि घरात माझी एखादी बहीण कोपऱ्यात उभी असेल, तर तिच्यावरचे कपडे आजच काढा. इथे आता कुणाची छाती नाही माझ्यावर टॉवेल टाकायची. परवा नव्या कामगाराने चुकून एक ओला टॉवेल माझ्या हँडलवर ठेवला, तर ड्रायव्हर भरलेली गाडी घेऊन थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि टॉवेल उचलेपर्यंत हॉर्न वाजवत राहिला.